होर्डिंगवरचं घुबड

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि आज माझं डोकं फिरलं आहे. कॅमेऱ्याला कुठलं आलं डोकं, म्हणून हसायचं तर हसा. पण आधी ऐका.

दुकानाच्या काचेतून निघालो तो थेट जबलपूरच्या कुमुदताईंकडे आलो. त्या संरक्षण कारखान्यात नोकरीला होत्या. रविवार मात्र माझा असे. मदन महल किल्ल्याच्या पलीकडे एक खडकाळ टेकडी आहे. तिच्या कपारीत शृंगी घुबडाची जोडी राहायची. ताई लांबच्या दगडाआड दबून बसत. घरट्याजवळ जायचं नाही, जागा कुणाला सांगायची नाही, हा त्यांचा नेम. एकदा पिल्लांना पंखाखाली घेऊन घुबडीण माझ्याकडे रोखून बघत राहिली. त्या फोटोला बक्षीस मिळालं. काय माझं कौतुक झालं तेव्हा! मग मोबाइल आले आणि मी शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली गेलो.

गेल्या महिन्यात त्या टेकडीवर सुरुंग लागले. कॉलनी होणार म्हणे. पायथ्याला भलंमोठं होर्डिंग लागलं, ‘प्रकृति की गोद में अपना घर’. आणि त्यावर कोण? माझीच घुबडीण, पिल्लांसकट!

ताई घरी आल्या त्या तणतणतच. “अभिराम, हा फोटो त्यांना कोणी दिला?”

“मीच, आई,” त्यांचा मुलगा म्हणाला. “बिल्डर भैया मागून राहिले होते. खाली तुझं नावपण छापलं ना.”

“काहून दिला रे? जिचं घर फोडलं, तिचाच फोटो लावून घरं विकून राहिले ते!”

पोरगा वाईट नाही. आईचं नाव चारचौघांत दिसावं एवढंच त्याला वाटलं. पण असला भोळेपणा काय जाळायचाय? आणि त्या बिल्डरला तर काय म्हणावं! केसाने गळा कापला मेल्याने, तोही माझ्याच फोटोने.

ताईंनी रुमाल भिरकावला, मला मोठी लेन्स लावली आणि सकाळीच टेकडी गाठली.

“दीदी, अंदर जाना मना है,” चौकीदार म्हणाला.

“चलो, मी सडकेवरूनच घेते भैया,” ताई म्हणाल्या.

सडकेवरून ती कपार मोबाइलला दिसली नसती, मला दिसली. एका बाजूला होर्डिंग, दुसऱ्या बाजूला फुटलेला खडक. माझं शटर कुरकुरलं, पण चाललं.

जुना आणि नवा, दोन्ही फोटो घेऊन ताई आज कॉलनीविरुद्धच्या तक्रारीच्या सुनावणीला निघाल्यात. अर्धी टेकडी अजून शाबूत आहे, ती तरी वाचावी म्हणून. अभिरामने स्कूटर काढली आहे. मान खाली आहे, पण येतोय.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण झाकून ठेवू नका, वापरा. आणि रानातला फोटो कुणी मागितला, तर आधी विचारा, कशाला हवाय? त्या नव्या फोटोत मी घुबड फार शोधलं हो. एकच सापडलं, होर्डिंगवरचं.