कॉफी म्हणजे काय खाणं आहे?

थंडीत विदोसावाचे केस गळायला लागले. उशीवर केस, न्हाणीघराच्या जाळीत केस, एकदा तर नवऱ्याच्या सूपमध्येही. तेव्हापासून तो वाटी उजेडात धरून बघायला लागला. मेल्याची हिंमत बघा! त्यात येत्या ऑक्टोबरात एकुलत्या एका लेकीचं, दुन्याचं लग्न. केस करणारी बाई म्हणाली, "अंबाडा कशाचा घालू? हवेचा?" विदोसावा घरी येऊन ढसाढसा रडली.

रक्त तपासलं. थायरॉईड मंद, लोह पार तळाला. तरण्याताठ्या डॉक्टर तियानाने गोळ्या लिहून दिल्या. "मावशी, थायरॉईडची सकाळी उपाशीपोटी, लोहाची दुपारी."

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त काढलं, तर आकडा जागचा हललेला नाही. डॉक्टरने गोळी वाढवली. वसंत सरत आला, तरी आकडा तिथेच! विदोसावा आता घरातही रुमाल बांधून वावरायची.

"उपाशीपोटीच घेता ना?"

"क्रूसाची शपथ! पहिल्या घोटासोबत."

"पाण्याच्या?"

"पाण्याच्या कशाला? कॉफीच्या!"

तियानाने कपाळावर हात मारला. "अहो मावशी, उपाशीपोटी म्हटलं होतं ना!"

"मग? कॉफी म्हणजे काय खाणं आहे?"

तियानाची आईही हेच म्हणायची, आणि तिच्या स्वतःच्या टेबलावरही कप वाफाळत होता. तो तिने हळूच कागदांमागे सरकवला. "गोळी पाण्यासोबत. मग तासभर कॉफी नाही, तिने गोळी अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीच्या आसपासही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण पर्सिदा नेहमीसारखी न विचारता आत आली, खुर्ची ओढून बसली. चुलीवर भांडं नाही. विदोसावा म्हणाली, "आत्ता कॉफी नाही गं."

पर्सिदा उठून उभीच राहिली. सर्बियात, त्यातही आमच्या क्रालेवो गावात, कुणी दारातल्या माणसाला कॉफी नाही म्हणत नाही, भांडण काढायचं असल्याशिवाय. "काय केलं मी? सांग ना तोंडावर! बोलणं बंद म्हणून सांग!"

"बस गं बाई, बस!" विदोसावाने रुमाल सोडला, डोकं दाखवलं आणि गोळीची सगळी हकिगत सांगितली.

पर्सिदाने एप्रनच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. तीच गोळी! "इतकी वर्षं मी ही तुझ्याच कॉफीसोबत गिळतेय. केस गेले तर लोकांना सांगत सुटले, आमच्या घराण्यातच विरळ."

"मला का नाही बोललीस?"

"तू तरी कुठे बोललीस, भवाने?"

दोघी आधी हसल्या, मग रडल्या, आणि घड्याळाकडे बघत, त्याला शिव्या घालत तास काढला.

उन्हाळ्यात आकडा हलला. ऑक्टोबरात विदोसावाच्या मानेवर अंबाडा बसला. लिंबाएवढा, पण बसला. चर्चच्या दारात बायका कुजबुजायला लागल्या, तशी पर्सिदा गरजली, "तिचाच आहे! ओढून बघा!"

आणि नवऱ्या मुलाच्या आत्याने खरंच ओढून बघितला. विदोसावा "आई गं!" म्हणून जोरात किंचाळली. उभ्या जन्मात इतक्या आनंदाने ती कधी किंचाळली नव्हती.