गवतवाला, ठोकळेवाला आणि मी

“हा बघ किती चुळबुळ्या आहे! टेबलावर ठेवला तर चालतच सुटला.”

मित्रांनो, जगात आल्यावर मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं. कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. प्रत्येक नगाची बटणं दाबून बघायच्या आणि मग आमच्या पोटातल्या मोटारी चालू करायच्या. बाकीचे जागच्या जागी गुणगुणले. मी मात्र थरथरत थरथरत टेबलाच्या कडेशी जाऊन पोचलो. शेजारची म्हणाली, “काढ बाजूला.” बाई हसल्या. “असू दे गं. पोरांच्या हातात जायचाय, पोरांसारखाच आहे.” आणि त्यांनी मला खोक्यात घातलं.

तर मी टीव्हीवरच्या खेळांचा कंट्रोलर. आता जुना झालोय. अंगठ्याने फिरवायची माझी डावी काडी थोडी सैल आहे, बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसून नेली आहेत, आणि माझ्या फटींमध्ये मैदा अडकलेला आहे. हो, मैदा! त्याची गोष्टही ओघात येईलच.

मी ज्या घरी आलो, तिथे बाबा बेकरीत कणीक मळायचे. पहाटे जायचे, दुपारी यायचे. हात कितीही धुतले तरी नखांच्या कडेला पांढरी रेघ उरायचीच. आईचं खालच्या मजल्यावर इस्त्रीचं दुकान होतं. आणि त्यांची एकुलती एक लेक होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती बसली तरी तिचे पाय बसत नसत. ती आणि मी, दोघं एकाच मातीचे.

आमचा खेळ एकच, बेसबॉल. या खेळात चेंडू टप्पा घेऊन येत नाही. पिचर तो सरळ हवेतून फेकतो, आणि समोरच्याने पापणी लवायच्या आत बॅट फिरवायची असते. बाबा दर रविवारी मैदानावर पोरांच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहत. चेंडू बरोबर होता की बाहेरून गेला, हे तेच सांगणार. गल्लीतली पोरं त्यांना पंचकाका म्हणत आणि निर्णय विरुद्ध गेला की ओरडत, “पंचकाका, चष्मा घरी विसरलात का?” बाबा वळूनही न बघता म्हणायचे, “चष्मा लावला तर तुझी उसवलेली चड्डी दिसेल. चालेल का?” सगळं मैदान हसायचं.

दुपारी मात्र बाबा आणि भिंगरी टीव्हीसमोर. एक कंट्रोलर दोघांत, एकाने मारायचं, बाद झालं की दुसऱ्याकडे द्यायचं. भिंगरी लहान असताना बाबांच्या पाठीशी उभी राहून गायची:

आला आला चेंडू, वाऱ्यावर स्वार,
मार माझ्या बाबा, पाठव ढगापार!

आणि बाबा मारायचेच. चेंडू लागला की मी त्यांच्या तळव्यात असा दणदणायचो की माझ्या सांध्यांतला मैदा उडायचा. “हे कारटं माझ्यापेक्षा जास्त खूश होतं,” असं ते मला म्हणायचे. मित्रांनो, शाबासकी पुष्कळांना मिळते. पण आपल्याला कुणी लाडाने कारटं म्हणावं, हे भाग्य थोड्यांचं.

मग भिंगरी मोठी झाली, शिकायला दूर गेली. मी तारांच्या गुंत्यात, डब्यात पडलो. डब्यातला काळ कसा असतो सांगू? बाहेर पावलं वाजतात, भांडी वाजतात, दार वाजतं, आणि प्रत्येक आवाजाला वाटतं, आता झाकण उघडेल. माझ्यासारख्या चुळबुळ्याला तर ती शिक्षाच. मोटार फिरायला तडफडते, पण कुणी बटण दाबल्याशिवाय आम्हाला हलता येत नाही.

एका दुपारी झाकण उघडलं. बाबाच होते. एकटेच. त्यांनी खेळ लावला. पिचरने चेंडू टाकला. बाबांचा अंगठा हललाच नाही. दुसरा चेंडू, अंगठा उशिरा. तिसरा, फारच लवकर. मला वाटलं, सराव सुटलाय. पण ते उठून पडद्याच्या अगदी जवळ गेले, मान एका बाजूला कलती करून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू लागले, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, “मधोमधच कसं धुकं बसलंय हे.”

त्या दिवशी मला कळलं. बाबांना समोरचं, नेमकं मधलंच, दिसेनासं झालं होतं.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. कणीक मळायला डोळे लागत नाहीत, हाताला कळतं, म्हणून बेकरीत कुणाच्या लक्षात आलं नाही. मैदानावर ते चेंडू झेलणाऱ्याच्या ग्लोव्हमध्ये, म्हणजे हातमोज्यात, चेंडू पडल्याच्या आवाजावरून निर्णय द्यायला शिकले. अजूनही कुणी चष्म्यावरून ओरडायचं, पण आता बाबा उलट उत्तर द्यायचे नाहीत. आणि घरी ते माझ्यावर शिकले. आमच्या जुन्या खेळात पिचरच्या हातातून चेंडू सुटला की मी थरथरायचो. वेगाचा चेंडू असला तर एक छोटासा झटका, हळू असला तर लांबलेली गुणगुण. बाबांनी ते माझ्याकडून पाठ करून घेतलं. दुपारमागून दुपार. शेवटी पडदा असो नसो, ते चेंडू मारू लागले. मान कलती ठेवून, जसे काही ऐटीत.

आईला वाटायचं, लेकीच्या आठवणीने खेळतात. निदान ती तसं म्हणायची. पण त्यांचे मोजे ती हल्ली जोडी-जोडीने बांधून ठेवायची, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीला तिने पांढरा रंग मारला होता. कुणाशी काही न बोलता.

या वर्षी भिंगरी परत आली. नोकरीच्या शोधात होती, आणि एका साप्ताहिकाच्या संपादकबाईंनी तिला पहिलं काम दिलं. घरी टीव्हीवर खेळायचे बेसबॉलचे दोन नवे खेळ येणार होते. बाजारात यायच्या आधीच दोन्हींची चाचणीची प्रत हाती आली होती. “कुठला घ्यावा, हे एखाद्या घराने ठरवावं तसं लिही,” असं बाईंनी सांगितलं. लेख चांगला झाला तर दर आठवड्याचं सदर तिचं. भिंगरीच्या पायांना तर आता चाकंच लागली. खुर्चीवर बसे, उठे, खिडकीशी जाई, परत बसे.

दोन्ही खेळांना घरात लगेच नावं पडली. पहिला गवतवाला. त्यात मैदानावरची गवताची पाती न् पाती वेगळी दिसे, खेळाडूंच्या कपाळावर घाम चमके, संध्याकाळ झाली की सावल्या लांबत. दुसरा ठोकळेवाला. त्यातली माणसं लाकडी ठोकळ्यांसारखी, प्रेक्षक म्हणजे रंगीत ठिपके. आई धुतलेल्या चादरी घेऊन आत आली, ठोकळेवाल्याकडे बघून म्हणाली, “यांना मान कुठाय? सगळ्यांचे सदरे थेट डोक्यातच घुसलेत. यांची इस्त्री मी करणार नाही हं!”

ठोकळेवाला आमच्या जुन्याच मशीनवर चाले. गवतवाल्यासाठी मात्र नवं मशीन आलं होतं, उसनं, आणि त्याच्याबरोबर एक पांढराशुभ्र कंट्रोलर. त्याच्यासमोर मी अगदीच मळकट दिसत होतो. भिंगरीने तो बाबांपुढे धरला. बाबा म्हणाले, “माझा मलाच दे.” एक जोडतार लावून मला त्या नव्या मशीनला जोडलं. मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा मी फुगलो होतो.

तो फुगा लगेच फुटला. गवतवाला सुरू झाला. पिचरने हात फिरवला, चेंडू सुटला आणि माझ्याकडे काहीच आलं नाही. त्या खेळाने चेंडू सुटल्याची खबर हाताला द्यायची ठेवलीच नव्हती. सगळं डोळ्यांसाठी होतं. पडद्यावर चेंडूच्या शिवणीसुद्धा फिरताना दिसत होत्या म्हणे. मी बाबांच्या तळव्यात दगडासारखा पडून राहिलो. त्यांचा अंगठा माझ्यावर वाट बघत होता. स्ट्राइक. पुन्हा चेंडू हुकला, पुन्हा स्ट्राइक. बाद.

“बाबा, तू मुद्दाम करतोयस ना?” भिंगरी हसत म्हणाली.

“थांब गं, हात बसायला वेळ लागतो.”

हात बसला नाही. सगळी दुपार गेली. बाबांचा तळवा घामाने ओला झाला. मग ठोकळेवाला लावला. पिचरने चेंडू टाकल्याबरोबर मी थरथरलो, आणि बाबांनी पहिलाच चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. दुसरा. तिसराही. भिंगरी टाळ्या पिटत नाचली. आणि मग एकदम गंभीर झाली.

चूक तिथे झाली, मित्रांनो. दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती अशी चूक. दुसऱ्या कुणाचे बाबा चुकले असते तर मुलीने म्हटलं असतं, बाबांना जमत नाही. पण या घरात चेंडूचं माप म्हणजे बाबा. फूटपट्टीने मेज मोजायचं, फूटपट्टीला कोण मोजतं? भिंगरी स्वतः गवतवाला खेळून बघायची, तिला तो चांगला जमायचा, पण तिला वाटलं आपल्यालाच कळत नाहीये. ज्या खेळात पंचकाकांना चेंडू सापडत नाही, त्या खेळातच खोट आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लेख लिहिला. आई दारात उभी राहून चादरीची घडी घालत होती. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, मी त्यांच्या हातात. भिंगरी वाचू लागली.

“गवतवाला खेळ फसवा आहे. त्यातला चेंडू दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसऱ्या ठिकाणी. ज्यांनी आयुष्यभर मैदानावर चेंडू पारखला, त्या पंचांनाही तो मारता येत नाही. हा खेळ विकत घेऊ नका.” तिने मान वर केली. “कसं वाटतंय? आता पाठवतेच.”

बाबा म्हणाले, “फसवा नको लिहू.”

“मग काय लिहू?”

“लिही, पंचांना आवडला नाही.”

“आवडला नाही म्हणजे काय रे? कारण नको? माझ्या नावाने छापून येणार आहे ते. लोक विचारतील.”

“रंग फार भडक आहेत, लिही.”

“काल तर म्हणालास, गवत किती सुंदर आहे!” भिंगरी उठली, खिडकीशी गेली, परत आली. “तू मैदानावर कधी असा घोळ घातलायस का? चेंडू बाहेर तर बाहेर. सांग ना सरळ.”

आईच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन तशीच राहिली.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय झालं ते कसं सांगू? गवतवाला पडला असता तर माझं बरंच झालं असतं. नवं मशीन परत गेलं असतं, पांढरा पाहुणा परत गेला असता, आणि मी याच तळव्यात राहिलो असतो. पण ज्या लेकीच्या बोटांनी माझी अक्षरं पुसली, तिच्या पहिल्याच लेखात खोटं छापून येणार होतं, आणि ते खोटं माझ्या थरथरीवर उभं होतं. बाबांखेरीज सगळं ठाऊक असलेला तिथे मी एकटा. आणि मला तोंड नाही. बाबांचा अंगठा माझ्या बटणावरून नुसता फिरत होता, दाबत नव्हता. त्यांना वाटत होतं, हे एकदा तोंडून निघालं की रविवारचं मैदान गेलं. पोरं गेली, हाक गेली, पंचकाका गेले.

आमची काळजी घ्या, धूळ पुसा, तारा नीट गुंडाळा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात जो माणूस नेहमी जिंकतो ना, त्याच्याजवळही कधी तरी बसा. तो कसा जिंकतो ते बघा. त्याचा हात धरून विचारा, दमलायस का? आम्ही वस्तू वर्षानुवर्षं हातात राहतो, सगळं जाणतो, पण विचारू शकत नाही. तुम्ही विचारू शकता.

भिंगरीचं बोट लेख पाठवायच्या बटणावर गेलं होतं.

“थांब,” आई म्हणाली. भिंगरीला नव्हे. ती बाबांकडे बघत होती. “अहो, बोला की आता. पोरीचं नाव जायचंय त्याच्याखाली.”

बाबांनी मला पलंगावर ठेवलं. एकदा हातात घेतल्यावर इतक्या वर्षांत त्यांनी मला असं मधेच खाली ठेवलं नव्हतं. रिकामे हात त्यांनी गुडघ्यांवर घेतले, आणि लेक जिथे उभी असेल असं वाटलं तिकडे तोंड करून म्हणाले,

“बेटा, तो खेळ चांगलाच आहे गं. चेंडू बरोबर येतो. मलाच दिसत नाही. टीव्हीवरचा नाही, मैदानावरचा नाही... तू इतक्या दिवसांनी घरी आलीस, तर तुझं तोंडसुद्धा मी अजून नीट बघितलेलं नाही.”