पदकं लपव

पेइवेन डंपलिंगचा डबा घेऊन माझ्या दारात उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं, हिचं काहीतरी अडलंय. अडला हरी, आणि गाढव मी. असू दे. लाथ मारायची सोय गाढवालाच असते.

हिचा नवरा शाळेचं गणित मंडळ चालवतो. ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेला मुलांची नावं मंडळानंच धाडायची असतात. माझ्या क्लॅराचं त्यानं धाडलंच नाही. पहिली हुकली की पुढच्या सगळ्या हुकल्या. पोरगी उशीत तोंड खुपसून रडली, आणि ही बया पोरांना चिनी शिकवणाऱ्या शनिवारच्या शाळेत चारचौघींत म्हणाली, "विसरले गं ते! मुलींना काय, व्हायोलिन वाजवलं तरी चालतं." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मनात गाठ मारली.

पुढं क्लॅरा तळ्यातल्या बेडकांचा अभ्यास करत बसली आणि त्याच जोरावर नामांकित कॉलेजात गेली. पेइवेनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! आता तिच्या वेस्लीचे अर्ज भरायचे होते. पोरगा ऑलिम्पियाडमध्ये देशातल्या पहिल्या फळीतला.

"ताई, खरं सांग, पदक नसताना क्लॅराला घेतलं कसं?"

"नव्हतं म्हणूनच घेतलं."

"म्हणजे?"

"अगं, गणिताची पदकं मिरवत आपली चिनी पोरं रांगेनं उभी असतात. अर्ज वाचणाऱ्यांना उबग येतो. पदकं लपव. माणूस दाखव."

"ऑलिम्पियाडचंसुद्धा?"

"ते तर आधी."

धडधडीत खोटं! किरकोळ बक्षिसांना तिथं कुणी विचारत नाही, हे खरं. पण वेस्लीच्या तोडीची पोरं कॉलेजं दिवा घेऊन शोधतात. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण आमच्या न्यू जर्सीतल्या चिनी आयांत जिच्या पोराला प्रवेश मिळाला, तिचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. शाळेतल्या कॉलेज-प्रवेशाचं बघणाऱ्या बाईंनी हटकलं, तर पेइवेन त्यांनाच म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं."

वेस्लीनं अर्जासोबतचा निबंध लिहिला, आजीबरोबर बन वाफवण्यावर. त्याला धड पाणी उकळता येत नाही.

मार्चमध्ये निकाल लागले. एकजात सगळीकडून नकार. पेइवेन आली ती थेट माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, कळलं हिला, आता झिंज्या धरते. धरू दे, म्हटलं, तोंडावर सांगायला मी कधीची टपून बसले होते. पण ती नुसती रडत होती. मी पाठ थोपटत होते आणि आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"ताई, तुझं पूर्ण ऐकलं असतं तर!" ती हुंदके देत म्हणाली. "कार्ट्यानं हट्टानं सहावीतलं एक पदक ठेवलंच अर्जात. त्यानंच घात केला."

मी माझ्या हातानं तिचे डोळे पुसले.

"एकसुद्धा कशाला ठेवायचं गं?" मी म्हटलं. "आता तुझ्या धाकट्या लेकीच्या वेळी आधीच ये माझ्याकडे."