सुरू होताना मी का अडखळतो

मित्रांनो, मी पौडच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओतला जुना संगणक आहे. स्वतःची गोष्ट सांगण्याची माझी योग्यता आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण सुरू होताना मी अडखळतो म्हणून सगळे मला भित्रा म्हणतात. त्याचे कारण तरी तुम्हाला कळावे.

माझे सुटे भाग पुण्यात जोडले गेले. स्टुडिओचे मालक अलाउद्दीनभाई यांनी मला गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवरून आणले. मुळशीतल्या कितीतरी नवऱ्या माझ्या पडद्यावर उजळल्या. तेव्हा माझे कौतुक होई. पुढे पंख्यात धूळ साचली आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप येऊ लागले.

एका सकाळी मी माणच्या सुलक्षणाच्या लग्नाचे फोटो लावत होतो. पुढच्या हळदीसाठी कॅमेऱ्याचे कार्ड आधीच रिकामे केलेले होते, म्हणजे ते लग्न आता फक्त माझ्यापाशीच होते. आणि वीज गेली. कोणता फोटो कुठे आहे, याची माझ्या डिस्कवरची नोंद अर्धवट राहिली.

वीज आली. सुरू होताना मी ती नोंद तपासतो. ती जुळेना. आता डिस्कवर काही नवे लिहिले, तर ते फोटोंवरच लिहिले जाण्याची भीती. मी थांबलो आणि पडद्यावर विचारले, ‘दुरुस्ती करू का? न ओळखलेले तुकडे काढून टाकू का?’

तेवढ्यात सुलक्षणा आणि तिची आई रंभाबाई अल्बमसाठी फोटो निवडायला आल्या.

“काय भाऊ, फोटू गेले व्हय? मंग लगीन परत लावायचं का?” रंभाबाई म्हणाल्या. “जावयाला सांगते, मुंडावळ्या काढून ठीव!”

अलाउद्दीनभाईंना घाम फुटला. “दमा जरा आक्का. लई भित्रं डबडं हाय हे.” त्यांचे बोट ‘हो’वर गेले. मला ‘नाही’ म्हणता येत नाही, फक्त विचारता येते.

“अब्बा, थांबा!” त्यांच्या मुलीने, फरहतने, त्यांचा हात धरला. “काढून टाकू का विचारतंय. कुनाचं काय काढनार, ते तरी बघा! आधी हाय तसं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवू. दुरुस्ती त्या नकलेवर. ह्या डिस्कवर काय बी लिहायचं न्हाई.”

नक्कल होताना डिस्क जागोजागी कुरकुरत होती. प्रत्येक वेळी वाटे, आता इथेच संपले. शेवटी दुरुस्ती झाली. न ओळखलेले तुकडे फरहतने टाकू दिले नाहीत, बाजूला ठेवले.

लग्न परत आले. मग फरहतने बाजूला ठेवलेले ते तुकडे उघडले; तेही फोटोच होते, फक्त नाव नसलेले. एकात मांडवामागे, पालथ्या पातेल्यावर बसून एक बाई तोंडाला पदर लावून रडत होती.

“ही कोन गं रडतीया?” रंभाबाई पुढे वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. मग म्हणाल्या, “नगं. काढून टाक हा.”

सुलक्षणा उठून जवळ आली. “आई, तू तर म्हनलीस, कामाच्या गडबडीत तुला रडायला टाइमच न्हाई गावला.”

रंभाबाईंचा पदर पुन्हा तोंडाला गेला.

“काका, हाच पहिल्या पानावर लावा,” सुलक्षणा म्हणाली.

मित्रांनो, मी अडलो तर चिडून बटण दाबू नका. आधी नक्कल करा आणि मी काय विचारतो ते पुरते वाचा. कोणता तुकडा कोणाच्या मोलाचा, हे मला खरोखरच कळत नाही. म्हणूनच मी विचारतो.