हसऱ्या फोटोखाली

आक्काने लाल दोरी एका हाताने वर उचलली, कमरेत वाकली आणि पलीकडे गेली. भिंतीवरच्या फोटोच्या काचेला तिने तळहात लावला.

"मावशी, दोरीच्या आत जायचं नसतं." दारापाशी उभी असलेली पहारेकरीण लगबगीने आली.

"आत मीच आहे," आक्का म्हणाली.

पहारेकरणीने वर पाहिलं. फोटो पुरुषभर उंचीचा होता. डोक्याला फडकं बांधलेली एक तरुण बाई पेटलेला बल्ब दोन्ही हातांत धरून मनापासून हसत होती. मग तिने समोर पाहिलं. केस पांढरे झाले होते, गाल बसले होते, पण नाक तेच होतं.

खाली पितळी पाटीवर लिहिलं होतं: 'उजेड घडवणारे हात. आपल्या कामावर प्रेम करणारी एक अनाम कामगार स्त्री.'

"अनाम म्हणजे?" आक्काने सुनेला विचारलं. फोटोची बातमी सुनेनेच आणली होती.

"नाव माहीत नसलेली."

"मग विचारायचं होतं की. मेले कुठे होतो आम्ही?"

बल्बचा कारखाना बंद पडून जमाना लोटला होता. गावातल्या निम्म्या घरांची चूल त्याच्यावर पेटत असे. आता मालकांच्या नातवंडांनी भिंतींना रंग लावून त्याचं संग्रहालय केलं होतं. मशिनं तेलपाणी करून काचेआड ठेवली होती. त्या मशिनांना इतकं स्वच्छ आक्काने कधी पाहिलं नव्हतं.

संचालक तिच्या नातवाच्या वयाचे होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि नाव लगेच घालू असं मोठ्या आनंदाने सांगितलं.

"नाव नका घालू," आक्का म्हणाली. "मला कामावरून का काढलं ते घाला."

आता फोटो लावला होता तीच पूर्वी बल्बची काच सांधायची खोली. तिथे बायका ओळीने बसत. प्रत्येकीच्या पुढ्यात गॅसची ज्योत. वाऱ्याने ज्योत हलते म्हणून पंखा नाही. बायका पाणी प्यायला सारख्या उठतात म्हणून दाराला बाहेरून कडी. एका दुपारी आक्काच्या शेजारची पोरगी उकाड्याने घेरी येऊन पुढे कोसळली, ती ज्योतीवरच. तिचा अर्धा चेहरा गेला. आतून दार बडवलं तरी कडी काढायला कोणी लवकर आलं नाही. आणि दार उघडल्यावर साहेब काय म्हणाले, तर डुलकी लागली असेल, हिला बाजूला करा आणि काम सुरू ठेवा. तेव्हा आक्का उठली आणि तिने भिंतीवरची गॅसची मोठी चावी फिरवली. सगळ्या ज्योती एकदम विझल्या. माफी माग, उद्यापासून ये, असं साहेब म्हणाले. आधी कडी उपटा, असं ती म्हणाली. संध्याकाळी तिला फाटकाबाहेर काढलं. त्यानंतर गावातल्या एकाही कारखान्याने तिला दारात उभं केलं नाही. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तिने मुलगा वाढवला. पण त्या खोलीच्या दाराला पुन्हा कडी लागली नाही.

"आणि फोटोत हसताय ते?" संचालकांनी हळूच विचारलं.

"फोटोवाल्याच्या तारा आत घ्यायच्या होत्या, म्हणून त्या दिवशी दार उघडं होतं. तोंडावर वारा आला. वाऱ्याला हसले मी. कामाला कोण हसतं?"

संचालकांनी चष्मा पुसला. "हे बघा आजी, सगळा खर्च मालकांचं कुटुंब करतंय. आम्हाला चांगल्या आठवणी जपायच्या आहेत."

"आठवणी काय तांदूळ आहेत, निवडून घ्यायला?" म्हणून आक्का उठली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली आणि फोटोखाली उभी राहिली. म्हाताऱ्यांना तिकीट नव्हतं. कोणी फोटोपाशी थांबलं, पाटी वाचू लागलं, की ती म्हणायची, "ते खोटं आहे. खरं ऐकायचंय?" लोक आधी बिचकत. मग फोटोकडे बघत, तिच्याकडे बघत, आणि पाय रोवून ऐकत. ती रडत नसे, आवाज चढवत नसे. भाजीचा भाव सांगावा तसं सांगे.

मग ती रोजच येऊ लागली. सून म्हणाली, "अहो आई, तिकडे रोज इतका वेळ उभं राहता. गुडघ्यांचं काय?"

"गुडघे इथेही दुखतातच."

संग्रहालयातल्या माणसांना ताकीद मिळाली, त्या बाईंशी कोणी बोलायचं नाही. पहारेकरीण मग बोलायची नाही. दिवसभर भिंतीशी उभी असायची, या पायावरून त्या पायावर भार टाकत. पण आक्का सांगू लागली की ती दोन पावलं जवळ सरकायची.

शेवटी संचालक स्वतः आले. त्यांच्या हातात निळा शर्ट होता, खिशावर संग्रहालयाचं नाव विणलेला.

"तुम्ही आमच्यातर्फेच सांगा ना," ते म्हणाले. "रीतसर पगार देऊ. लोकांना तुम्ही आवडता. फक्त ते कडीचं जरा सौम्य करून सांगा."

आक्काने शर्टाचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. इस्त्री चांगली नव्हती.

"कडी सौम्य कशी करतात?" तिने विचारलं.

संचालक शर्ट घेऊन परत गेले.

पावसाळी हवेत तिला ताप भरला. अंथरुणात ती तळमळत राहिली. "आज लोक नुसती पाटी वाचून जात असतील," असं म्हणायची आणि कूस बदलायची. सुनेने औषध दिलं, दटावलं, आणि बरं वाटल्यावर रिक्षात घालून स्वतःच घेऊन आली. बाहेरच थांबते म्हणाली.

आक्का कठड्याला धरून जिना चढू लागली. मधल्या वळणावर ती थांबली. वरून आवाज येत होता. बाईचा, ठणठणीत.

"ते खोटं आहे. फोटोत हसतायत ते वाऱ्यामुळे. या दाराला बाहेरून कडी असायची, इथे, हे बघा, भोकं अजून आहेत."

आक्का शेवटच्या पायरीवर आली. पहारेकरीण गणवेशातच फोटोखाली उभी होती. भोवती दहाबारा माणसं. तिची पाठ जिन्याकडे होती.

"आक्कांनी गॅस बंद केला. सगळी खोली गार. साहेब धावत आला, म्हणाला, माफी माग. आक्कांनी काय करावं? सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली."

ऐकणाऱ्यांत एक टोपीवाले गृहस्थ होते. "खरंच मारली?" त्यांनी विचारलं.

पहारेकरीण उत्तर द्यायला वळली आणि तिला आक्का दिसली. तिचा चेहरा उतरला. माणसं बाजूला झाली. कोणीतरी फोटोकडे पाहिलं, मग आक्काकडे.

आक्का दम खात उभी होती. तिने पदराने कपाळ टिपलं.

"ते तेवढं करायचं राहून गेलं," ती म्हणाली. "बाकी सगळं खरं आहे."

मग ती पहारेकरणीच्या शेजारी जाऊन भिंतीला टेकली.

"सांग पुढे," ती म्हणाली.