तिरक्या झाडाचा लोगो

जावई डॉक्टर असला तर सासरी त्याला गुडघे दाखवतात. वकील असला तर भाडेकरू दाखवतात. डिझायनर असला तर नेमकं काय दाखवावं हे कोणालाच उमगत नाही, म्हणून त्याला बिघडलेला प्रिंटर दाखवतात. या जावयाने लग्नानंतर सासऱ्यांचा प्रिंटर वरचेवर दुरुस्त केला होता आणि मेहुणीच्या मैत्रिणीच्या मांजराचा फोटो उजळ करून दिला होता. यापलीकडे त्याच्या विद्येला त्या घरात गिऱ्हाईक नव्हतं.

"नोकरी आहे ना जावयांना," सासरे शेजाऱ्यांना सांगत. "काय करतात ते विचारू नका. रंगीत काहीतरी असतं."

सासरे स्वतः वजनमापांचे निरीक्षक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या तराजूत खोट शोधून निवृत्त झाले आणि आता घरात शोधायला खोट उरली नाही म्हणून कासावीस झाले. ती उरली नव्हती, कारण सासूबाई आणि धाकटी मुलगीही त्याच शाळेत शिकलेल्या. त्या घरात एकाने केलेल्या कामावर दुसऱ्याचा विश्वास नव्हता. सासऱ्यांनी कुलूप लावलं की सासूबाई ते ओढून बघत, आणि त्यांची पाठ वळली की मेहुणी ओढून बघे. कुलपं वर्षभरात सैल होत. यात भांडण काही नव्हतं. उलट, ही त्यांची माया करण्याची रीत होती.

तर या सासऱ्यांनी तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत दुकान काढायचं ठरवलं. घरातल्या घरात बाग करणाऱ्यांसाठी लागेल ते सगळं: कुंड्या, झाऱ्या, नारळाच्या भुशाच्या विटा, खताच्या पुड्या, आणि ज्यांच्या खोलीत ऊन येत नाही त्यांच्यासाठी जांभळट उजेडाचे दिवे. माल आला, फळ्या ठोकल्या गेल्या, आणि एका जेवणात सासरे सहज म्हणाले, "जावईबापू, दुकानाला एक चिन्ह लागेल. काढून टाका एखादं."

जावयाचा घास हातातच राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या घराने त्याच्याकडे त्याचं काम मागितलं होतं.

"काढतो की!"

"नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नका. महिनाअखेरच्या रविवारी पाटीवाला येतोय, त्याच्या आल्बममध्ये तयार चित्रं असतात. तळहातावर उगवलेलं पान आहे एक. मला तर ते बरं वाटलं."

तळहातावर उगवलेलं पान! जावयाच्या अंगावर काटा आला. ते पान कोपऱ्यावरच्या दवाखान्यावर होतं, बालवाडीवर होतं, विम्याच्या कचेरीवर होतं आणि एका दंतमंजनाच्या डबीवरही होतं.

घरी परतताना बायकोने गंभीरपणे सांगून ठेवलं, "हे बघ, माझ्या माहेरच्या पाटीवर जर ते पान चढलं ना, तर बाबांच्या लेखी तू जन्मभर प्रिंटरवालाच. मग मी काही करू शकणार नाही."

जावयाने कचेरीतून महिन्याची रजा काढली.

चित्र डोक्यातून काढायचं नाही, समोर बसून काढायचं, असं त्याने ठरवलं. दुकानात एकच खिडकी होती, आणि खिडकीत रबराचं एक झाड. एक दांडा, मोजकी रुंद पानं, मातीची कुंडी. लोगोला आणखी काय हवं? कुंडीच्या काठाचा एक टवका तेवढा उडालेला होता. तो पहिल्या दिवशी त्याने भिंतीकडे केला आणि वही उघडली.

रोज सकाळी तो जाई. टवका रोज कडेला आलेला असे. का येतो याचा त्याने विचार केला नाही; कलावंतांना टवक्यांसाठी वेळ नसतो. तो कुंडी जरा फिरवी, टवका भिंतीकडे सारी आणि कामाला लागे.

तीन आठवडे त्याने एकच पान खोडून खोडून पुरं केलं; ते पहिलं चित्र सासऱ्यांनी लॅपटॉपवर पाहिलं. मग आत जाऊन ओळंबा आणला. दोरीला लटकलेलं ते पितळी वजन पडद्यासमोर धरलं, ते डुलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि निकाल दिला, "तिरकं आहे."

"झाडच तसं आहे, बाबा."

"झाड तिरकं असूच शकत नाही. खिडकीतलं झाड उजेडाकडे झुकतं, ठाऊक आहे मला. म्हणून रोज कुंडीला पाव वळसा द्यायचा असतो. आपल्याकडे तो रोज दिला जातो." सासऱ्यांनी 'आपल्याकडे' हा शब्द असा काही उच्चारला की पुढे बोलायची सोयच राहिली नाही.

जावयाने ते चित्र सरळ करून पाहिलं. सरळ केल्यावर झाडाचा हवालदार झाला. पानं कशी तर सलाम ठोकल्यासारखी.

"हे आपलं झाड नाही," सासूबाई म्हणाल्या. "याला बघून मला माझे चुलत सासरे आठवतात."

"भाऊजी, पानं कमी करा की," मेहुणीने सुचवलं. पानं कमी केली तर खांब झाला. जास्त केली तर कोबी झाला. शेवटच्या शनिवारपर्यंत जावयाच्या वहीत हवालदार, खांब, कोबी आणि एक छत्री एवढी मंडळी जमली, आणि पहिल्या पानावरचं ते तिरकं झाड त्यांच्याकडे कलून बघत राहिलं. फिरून फिरून त्याला तेच आवडत होतं. त्यात जीव होता.

रविवारी पाटीवाला आला. गुटगुटीत माणूस, काखेत आल्बम. सगळे दुकानात जमले. बायकोही आली होती आणि नवऱ्याकडे न बघता झाऱ्या पुसत होती. पाटीवाल्याने आल्बम उघडून बरोबर तळहाताच्या पानावर बोट ठेवलं. "हे खूप चालतं, साहेब."

"बघितलं आहे मी," सासरे म्हणाले आणि जावयाकडे वळले. आवाज मऊ होता, तेच वाईट. "तुम्ही मेहनत घेतलीत, जावईबापू. पण सरळ झाड काही तुम्हाला साधलं नाही. असू दे. सगळ्यांनाच सगळं येत नाही."

झाऱ्या पुसायच्या थांबल्या.

"बाबा," जावई म्हणाला, आणि आपला आवाज चढलाय हे त्यालाच ऐकू आलं, "मी बघून काढलंय. ओळंबा चित्राला लावलात, एकदा झाडाला लावा!"

निरीक्षकाला कुणी असं आव्हान दिलं की तो नाही म्हणूच शकत नाही. सासरे खिडकीपाशी गेले. ओळंबा धरला. पितळी वजन स्थिर झालं, आणि झाडाचा शेंडा त्याच्यापासून वीतभर दूर काचेला नाक लावून उभा असलेला सगळ्यांना दिसला.

"हे शक्य नाही," सासरे म्हणाले. "रोज सकाळी दुकान उघडल्यावर मी स्वतः पाव वळसा देतो."

"तुम्ही?" सासूबाई चकित झाल्या. "अहो, पाणी घालताना मी देते! तुम्ही विसराल म्हणून."

"आई, तू देतेस?" मेहुणी म्हणाली. "मला वाटलं तुम्ही दोघंही विसरता. मी कामाला निघताना फिरवते की."

जावयाला अचानक तो टवका आठवला.

"मी पण," तो पुटपुटला. "मी आलो की जरा फिरवतो. टवका दिसू नये म्हणून."

सासऱ्यांनी फळीवरची एक रिकामी कुंडी काढून टेबलावर ठेवली. तिला पाव वळसा दिला. "हा मी." आणखी पाव. "ही तुझी आई." आणखी पाव. "ही तू." आणि शेवटचा पाव वळसा देऊन ते जावयाकडे बघत राहिले. कुंडी होती तिथे परत आली होती.

"म्हणजे इतके दिवस आपण चौघांनी मिळून..." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"झाडाला नुसती प्रदक्षिणा घडवली," मेहुणीने पुरं केलं.

आधी बायको हसली, मग मेहुणी, मग सासूबाई खाली खताच्या पोत्यावर बसूनच हसायला लागल्या. सासरे सर्वांत शेवटी हसले, पण ते सुरू झाल्यावर फळ्यांवरच्या कुंड्या वाजल्या. जन्मभर लोकांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला स्वतःची इतकी सुबक चूक सापडल्याचा आनंद काय असतो, तो त्या दिवशी त्या खोलीने पाहिला.

"माझ्याकडे सरळ झाडही आहे," पाटीवाला आल्बम चाळत म्हणाला.

"थांबा हो तुम्ही," जावई म्हणाला. "बाबा, आपलं गिऱ्हाईक कोण? ज्याच्या घरात एकच खिडकी आहे, तो. त्याच्या घरचं झाड असंच असणार. ज्याचं झाड सरळ आहे तो आपल्याकडे कशाला येईल? शिळोप्याच्या गप्पा मारायला?"

सासऱ्यांनी डोळे पुसले. वही मागितली. पहिल्या पानावरचं चित्र खिडकीतल्या झाडाशेजारी धरलं आणि एक डोळा मिटून बराच वेळ ताडून पाहिलं.

"बरोबर भरतंय," ते हळूच म्हणाले. एवढी मोठी दाद त्यांनी नोकरीत कोणत्याही दुकानदाराला दिली नव्हती. मग पाटीवाल्याला म्हणाले, "हे रंगवा. असंच. हात सरळ वळायला लागला तर आवरा त्याला."

पाटी लागली. गडद हिरव्यावर पांढरं झाड, अर्ध्या रस्त्यावर डोकावणारं. पहिल्याच सकाळी एक गृहस्थ पाटीखाली थबकले आणि म्हणाले, "काका, तुमचं झाड कललंय."

"कललेलं नाही, तसंच काढलंय," सासरे म्हणाले. "तुमच्या घरी काय सरळ आहे?"

गृहस्थ विचारात पडले. "नाही खरं. आमचं तर पार गजांमधून बाहेर गेलंय."

"मग या आत."

दुपारी शेजारचा शिंपी आला. त्याची नजर कुंड्यांवर नव्हती, पाटीवर होती. मलाही असं काहीतरी हवंय, जावयांना सांगता का, आज-उद्या देतील तर बरं, असं तो सासऱ्यांना म्हणाला.

"आज-उद्या?" सासरे जवळजवळ ओरडले. "अहो, ते डिझायनर आहेत! आधी तुमच्या दुकानात येऊन बसतील. तुम्ही कात्री कशी धरता ते बघतील. त्यात तुम्ही मधे मधे बोलायचं नाही. आम्ही बोललो आणि त्यांचा अख्खा आठवडा फुकट घालवला!"

आत जावई स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एका बाईंसाठी जांभळा दिवा काढत होता. दिवा हातात आला होता, पण तो खाली द्यायचं विसरून तो दाराकडे कान लावून उभा राहिला.

"अहो," खालून हात पसरून बाई म्हणाल्या, "देताय ना?"