सगळीकडे एकच चेहरा

“मामांना काढा असं मी म्हणतच नाहीये,” निर्माता म्हणाला. “जरा मागे घ्या, एवढंच.”

“मागे कुठे घेऊ?” ताईने विचारलं. “मागे लिफ्टची भिंत आहे.”

स्टुडिओचे मालक हसले. निर्माता हसला नाही. टेबलावर त्याच्या सिनेमाचं पोस्टर पसरलेलं होतं. जुन्या इमारतीतली लिफ्ट, जाळीचा दरवाजा अर्धा ओढलेला, आत स्टुलावर बसलेला म्हातारा लिफ्टमन, दोन्ही हात गुडघ्यांवर. वरून फिकट हिरवा उजेड पडलेला. खाली सिनेमाचं नाव, ताईने स्वतः ब्रशने काढलेल्या अक्षरांत.

ताई या पोस्टरच्या स्टुडिओत इतकी वर्षं होती की तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. सिनेमा जिथे जिथे दिसेल तिथे तो एकाच घरातला वाटला पाहिजे, हे बघणं तिचं काम. रस्त्यावरचं मोठं होर्डिंग असो, थिएटरच्या दारातला पुठ्ठ्याचा कटआउट असो, तिकीट असो की फोनवर नखाएवढा दिसणारा चौकोन असो. रंग तोच, अक्षरं तीच, चेहरा तोच. माणूस बसमधून जाताना एकदा बघतो, वर्तमानपत्रात दुसऱ्यांदा बघतो, आणि तिसऱ्यांदा कुठे दिसलं की त्याला वाटायला हवं, अरे, हा तर आपल्या ओळखीचा. स्टुडिओत नवीन कोणी आलं की ती सांगायची, “सकाळी एक नाक लावून गेलात आणि संध्याकाळी दुसरं लावून आलात, तर आई तरी घरात घेईल का?”

या सिनेमावर तिचा जीव होता. फोटोसाठी मामांना त्या लिफ्टमध्ये तिनेच बसवलं होतं. मामा म्हणजे जन्मभर छोटी कामं केलेले नट. कधी वकील, कधी डॉक्टर, आणि नायिकेचा मामा तर इतक्या वेळा, की खरं नाव मागे पडून तेच चिकटलं. पोस्टरवर आलेच तर कोपऱ्यात, कोणाच्या तरी खांद्यामागून. मधोमध बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. “किती वेळ बसू?” त्यांनी तेव्हा विचारलं होतं. “कंटाळा येईपर्यंत,” ताई म्हणाली होती. “मग अवघड आहे,” मामा म्हणाले होते, “नुसतं बसून राहायचा मला कंटाळा येत नाही. आमच्या धंद्यात तेच जास्त करावं लागतं.” आणि ते खरंच असे बसले, की पुढे काही करावंच लागलं नाही. छापखान्यात तो हिरवा रंग सारखा निळा पडायचा, तेव्हा ताई यंत्रापाशी उभी राहून एकेक कागद उजेडात धरून बघत होती.

आणि आता, सिनेमा लागायला थोडे दिवस राहिलेले असताना, भलतंच झालं होतं. सिनेमात सातव्या मजल्यावरच्या भाडेकरूचं एवढंसं काम करणारा तरुण नट दुसऱ्याच एका सिनेमामुळे रातोरात हिरो झाला होता. त्याला बघायला थिएटरबाहेर पोरंपोरी रांगा लावत होती.

“माझी अडचण समजून घ्या,” निर्माता म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. “मामा ग्रेट आहेत, मी नाही म्हणतच नाही. पण थिएटरात कोणी आलंच नाही तर त्यांचं ग्रेटपण बघणार कोण? खुर्च्या?”

निर्माता वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

“असं करू,” तोच पुढे म्हणाला. “जे लागलंय ते राहू दे. नवीन जे छापायचं, त्यावर हिरो. अर्धे मामा, अर्धा हिरो. कोणाचं मन मोडायला नको.”

मालक ताईकडे वळले. “काय ताई? चालेल का असं?”

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. हो म्हटलं असतं तर अर्ध्या शहरात मामा स्टुलावर बसून राहिले असते. ताईने पोस्टरकडे बघितलं. मग डोळ्यांपुढे रस्ता आणला. या कोपऱ्यावर म्हातारा, त्या कोपऱ्यावर तरुण. बघणाऱ्याला दोन सिनेमे वाटणार आणि दोन्हीही लक्षात राहणार नाहीत.

“नाही चालणार,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“दोन चेहरे ठेवले तर एकही ओळखीचा होणार नाही. बदलायचंच असेल तर सगळीकडे बदलावं लागेल. लागलेली आहेत तीसुद्धा.”

निर्मात्याने मोठा श्वास सोडला. “तुम्हीच म्हणालात, बरं झालं,” तो म्हणाला. “माझ्या तोंडून निघत नव्हतं.”

ताईने पोस्टरची गुंडाळी केली आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

पुढचे दिवस त्यातच गेले. हिरोचा फोटो होता तो भलत्याच दिवशीचा, पिवळ्या उन्हातला. त्याला लिफ्टच्या हिरव्या उजेडात उभं केलं, तर त्याचं काम बघणाऱ्या माणसाचा फोन आला, “आमच्या हिरोला कावीळ झालीय का हो?” मग ताईने अर्धा चेहरा उजळ केला आणि अर्ध्यावर हिरवा ठेवला. स्टूल तिने आधी तसंच ठेवलं होतं. पण रिकामं स्टूल बघितलं की कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटे आणि नजर तिकडेच जाई. शेवटी तिने स्टूलही पुसून टाकलं. होर्डिंग, कटआउट, तिकीट, चौकोन, सगळं एकेक करून. पाठ अवघडून जायची. खुर्चीत उशी घालून बघितली, काढून बघितली, फरक पडला नाही.

घरी ती आणि आई, दोघीच. एका संध्याकाळी ताई चपला काढत असतानाच आईने बातमी दिली, “तुझे ते मामा लागलेत, दवाखान्यासमोर. केवढे मोठे! येताना मी तिथेच कट्ट्यावर जरा टेकले. खरंच कोणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटलं गं.”

“काढणार आहेत ते.”

“का? चांगले आहेत की.”

“चालत नाहीत, आई.”

“अगं, बसलेत ते. त्यांना चालायचंय कुठे?”

ताईला हसू आलं. हसता हसताच एकदम थकल्यासारखं झालं आणि ती हात धुवायला आत गेली. काढायला कोणी सांगितलं, ते आईला तिने सांगितलं नाही.

मामा आले ते दुपारी. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि काखेत पुठ्ठ्याची लांब नळी. काचेतून त्यांना बघताच मालकांनी फोन कानाला लावला आणि पाठ फिरवली.

“ताई, तुम्ही म्हणाला होतात, एक कॉपी मिळेल,” खुर्चीत बसत मामा म्हणाले. “आमच्या नातीने ही नळी दिलीय. यात ती तिची चित्रं ठेवते. परत आणून द्यायच्या बोलीवर मिळालीय.”

त्यांना कोणीच काही कळवलेलं नाही, हे ताईच्या लक्षात आलं.

“मामा, पोस्टर बदललंय.”

“रंग बदलला?”

“नाही. रंग तोच आहे.”

त्यांनी चष्मा चढवला. ताईने पडद्यावर नवीन पोस्टर उघडलं. मामा पुढे झुकून बघत राहिले. आधी मधोमध, मग कोपऱ्यांत. कोपऱ्यांत जरा जास्त वेळ.

“यात मी कुठे आहे?”

“नाही आहात.”

“अच्छा,” ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. “बरं दिसतंय. पोरगा उमदा आहे. सेटवर माझ्यासाठी पाणी आणून द्यायचा. उजेड माझाच वापरलाय वाटतं?”

“तुमचाच आहे.”

“माणसं तरी येतील त्याच्यामुळे. निर्मात्याला सांगायला जड गेलं असेल, म्हणून त्याने फोन केला नसेल. असू दे.”

तिथेच थांबता आलं असतं. मामांनी स्वतःच सगळं कोणा दुसऱ्याच्या अंगावर घालून तिला मोकळं केलं होतं. ताईने नळीकडे बघितलं. नातीने तिच्यावर एक झाड रंगवलं होतं, खोड जांभळं.

“मामा, निर्माता अर्ध्या ठिकाणी तुम्हाला ठेवू म्हणत होता,” ती म्हणाली. “मी नको म्हटलं.”

मामांनी चष्मा काढला. “का?”

तिने सांगितलं. सकाळच्या नाकाची गंमत न सांगता, सरळ. सांगताना आपलाच आवाज तिला कोरडा वाटला. मामा मान खाली घालून ऐकत होते, दिग्दर्शक प्रसंग समजावून सांगताना नट ऐकतो तसे.

“बरोबर आहे,” शेवटी ते म्हणाले. “एका नाटकात आम्ही दोघं जण आळीपाळीने एकच काम करायचो. आज मी, उद्या तो. लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही की खरा कोणता. नाटक बंद पडलं.” मग चष्मा खिशात ठेवत, “तुम्ही सांगितलं नसतं तरी मला कळलं नसतं.”

“हो.”

“मग कशाला सांगितलंत?”

“तुम्ही नळी घेऊन आलात ना.”

मामांनी नळीचं झाकण काढलं, परत लावलं.

“जुनं एक छापून देते,” ताई म्हणाली. “चांगल्या कागदावर, मोठं. घरी लावा.”

त्यांना ते हवं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते क्षणभर स्पष्ट दिसलं, आणि मग त्यांनी ते आवरलेलंही दिसलं.

“नको,” ते म्हणाले. “घरी मी आणि रस्त्यावर तो, म्हणजे येईल त्याला मलाच समजावत बसावं लागेल. आणि आमची नात तर वकीलच आहे, ती मला सोडणार नाही. हेच नवीन द्या.”

“हे?”

“सिनेमा माझाच आहे की. खाली नाव आहे ना?”

“आहे. दुसऱ्या नंबरला.”

“दुसरा नंबर म्हणजे पुष्कळ झालं.”

ताईने नवीन पोस्टर आणलं. मामांनी ते स्वतःच गुंडाळलं, कडा जुळवून, घाई न करता, आणि नळीत सरकवलं.

ती त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेली आणि मग आतही शिरली. मामा सवयीने बटणांपाशी जाऊन उभे राहिले. पाठ ताठ, बोट वर.

“कितवा?” त्यांनी विचारलं.

“तळमजला.”

त्यांनी बटण दाबलं. खाली पोचेपर्यंत दोघंही दरवाजाकडे बघत उभे होते. दार उघडल्यावर मामांनी तिला आधी बाहेर जाऊ दिलं, मग नळी काखेत धरून रस्ता ओलांडून गेले.

संध्याकाळी ताई पायीच घरी निघाली. पुलाखालच्या भिंतीपाशी शिडी लागली होती. दोन माणसं पोस्टर चिकटवत होती. एक शिडीवर, एक खाली खळीची बादली घेऊन. कागद पट्ट्यापट्ट्यांनी वरून खाली येत होता. वर हिरोचं डोकं लागलं होतं, खांदे लागले होते. खाली अजून मामांचे गुडघे होते आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात.

शिडीवरच्याने मागे वळून बघितलं. जवळपास उभी असलेली ताईच होती.

“ओ बाई, जरा लांबून बघून सांगता का, सरळ बसतंय का?”

ताई चार पावलं मागे सरकली.

“डावीकडून किंचित खाली घ्या,” ती म्हणाली.

त्याने ओला कागद दोन्ही हातांनी सरकवला. “आता?”

तिने बघितलं. जुना हिरवा आणि नवा हिरवा जिथे एकमेकांना लागत होते, तिथला सांधा तिने शोधला. तो कुठेच दिसत नव्हता.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली.

खालच्याने शेवटच्या पट्टीला खळ लावून ती वर दिली. शिडीवरचा एक पायरी उतरला आणि त्याने ती भिंतीला टेकवली. तो ब्रशने कागदाखालची हवा काढत काढत कडेपर्यंत जाईतो ताई पिशवी हातात धरून तिथेच उभी होती. मग ती घरी गेली.